हेडलीचे सव्वीस इंची टायर

हेडली स्पार्क्सने माशांच्या कारखान्यात बत्तीस वर्षं निवडीचं काम केलं. पट्ट्यावरून कॉड मासा समोर आला की एका नजरेत ठरवायचं: मोठा, मध्यम की फेकून द्यायचा. मिनिटाला तीस मासे. बत्तीस वर्षांत याचा हात एकदाही अडखळला नाही, असं फोरमनने त्याच्या निरोप समारंभात सांगितलं आणि आमच्या लँडर्स कोव्हचं अख्खं सभागृह खो खो हसत सुटलं. फोरमन बिचारा बाहेरगावचा. त्याला वाटलं आपलं काहीतरी चुकलं.

चुकलं काहीच नव्हतं. पण कारखान्याच्या फाटकाबाहेरचा हेडली त्याने पाहिलेला नव्हता. माझा असा समज आहे की देव माणसाला खाली पाठवताना निर्णयांची ठरावीक शिदोरी बांधून देतो, आणि हेडलीने आपली सगळी शिदोरी कॉड माशांवर उधळली. घरी यायचा तेव्हा गाठोडं रिकामं.

लग्नाचंच घ्या. सहा वर्षं हा दर रविवारी ब्यूलाला चर्चपासून तिच्या फाटकापर्यंत सोडायला जायचा. फाटकाशी पोचला की टोपी काढायचा, आत बघायचा, टोपी पुन्हा घालायचा आणि परत फिरायचा. सहाव्या वर्षी ब्यूलाने फाटकाला आतून कडी न लावता बाहेर येऊन सांगितलं, "हेडली, आपलं लग्न जूनमध्ये. काही म्हणणं आहे तुझं?"

हेडलीने बराच विचार केला आणि विचारलं, "जूनच्या सुरुवातीला की शेवटाला?"

त्याच्या घराची समुद्राकडची भिंत पिवळी आहे. मागची भिंत अकरा वर्षं नुसत्या अस्तरावर उभी आहे, कारण तिथे पिवळाच द्यावा की हिरवा, याचा निकाल लागायचाय. कुत्रा पाळला, त्याला चार महिने नाव नव्हतं. "ए, तू" अशी हाक ऐकून ऐकून कुत्र्याने तेच आपलं नाव मानलं आणि पुढे ठेवलेल्या नावाला शेवटपर्यंत ओ दिली नाही.

असा हा माणूस एका मार्चमध्ये क्वाडसाठी नवे टायर निवडायला बसला.

क्वाड म्हणजे चार गुबगुबीत चाकांची, वरून उघडी, घोड्यासारखी पाय टाकून बसायची गाडी. ती नसलेलं घर आमच्याकडे नाही. सरपण आणायचं, शिकारीत मारलेलं मूस हरीण ओढून आणायचं, टपाल बघायला जायचं, शेजारच्या घरी चहाला जायचं, सगळं क्वाडवरून. आमचे अँब्रोज काका तर स्वतःच्या अंगणातल्या कोंबड्यांना दाणे टाकायला क्वाडवरून जातात. अंगण तीस पावलांचं.

हेडलीच्या क्वाडचे टायर पंचवीस इंची, आणि घासून घासून पार तुळतुळीत झालेले. माझ्या डोक्यावर आहेत तितकेही केस त्यांच्यावर उरले नव्हते. पण प्रश्न टकलाचा नव्हता, उंचीचा होता. गेल्या ऑगस्टमध्ये हेडली आणि ब्यूला बेकॲपल वेचायला डोंगरावर चालले होते. वाटेत एक ओढा आहे, त्यात बैलाच्या डोक्याएवढे धोंडे. क्वाडचं पोट त्यातल्या एका धोंड्यावर टेकलं आणि चारही चाकं हवेत गरागरा फिरायला लागली. शेवटी ब्यूला खाली उतरली, बादली डोक्यावर घेतली आणि उरलेली चढाची वाट चालली. परत आली ती उजवा गुडघा सुजवूनच. त्या गुडघ्याने हिवाळाभर तिला जिना चढू दिला नाही.

आता बेकॲपल म्हणजे काय ते सांगायला हवं. दलदलीतल्या शेवाळात वीतभर देठ उगवतो आणि त्याच्या टोकावर एकच फळ लागतं. आधी लाल आणि कडक, मग पिकलं की मधासारखं पिवळं आणि मऊ. सगळा मिळून दहा-बारा दिवसांचा हंगाम. त्याचा मुरांबा ज्याच्या फडताळात आहे तो माणूस हिवाळ्यात ताठ मानेने चालतो. आणि ते जिथे भरपूर लागतं ती जागा कोणी कोणाला सांगत नाही. सख्खे भाऊ एकमेकांना मूत्रपिंड देतील, जागा देणार नाहीत. बेकॲपलला निघालेला माणूस मासे धरायची काठी गाडीला बांधून निघतो, आधी उलट्या दिशेला जातो, आणि परतताना बादलीवर कोट टाकून चेहरा पाडून येतो. "कुठे मिळाली?" असं विचारलं तर "वर, तिकडे" असं उत्तर द्यायचं, आणि हात मात्र समुद्राकडे करायचा.

हेडलीची जागा त्याच्या वडिलांनी त्याला दाट धुक्यात दाखवली होती, म्हणजे चुकून कोणाला दिसायला नको. चाळीस वर्षं ती जागा हेडली आणि ब्यूला या दोघांतच होती.

मार्चमध्ये ब्यूलाने गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून निर्वाणीचा इशारा दिला. "या गुडघ्याने मी आता चालत जाणार नाही. आणि बेकॲपलशिवाय हिवाळाही काढणार नाही. ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारच्या आत मोठे टायर लागले पाहिजेत. नाही लागले तर मी वॉलेसच्या गाडीवर बसून जाईन."

हेडलीच्या हातातला चहा बशीत सांडला.

वॉलेस टिझर्ड म्हणजे ब्यूलाच्या बहिणीचा नवरा. फेरीबोटीवर कामाला, आणि त्याच्याकडे दोन माणसं आरामात बसतील अशी नवी कोरी क्वाड. माणूस दिलदार. पण वॉलेसला एखादी गोष्ट सांगायची म्हणजे फेरीबोटीच्या भोंग्यातून सांगायची. तो चाळीस वर्षं हेडलीच्या घरचा मुरांबा खात आला होता आणि चाळीस वर्षं विचारत आला होता, "साडू, कुठली रे जागा?" ब्यूला त्याच्या गाडीवर बसून एकदा जरी वर गेली असती, तरी दुसऱ्या दिवशी त्या दलदलीत जत्रा भरली असती.

"तू असं करणार नाहीस," हेडली म्हणाला.

"मी जूनमध्ये लग्न केलं होतं की नाही?" ब्यूला म्हणाली.

तेव्हापासून हेडलीच्या शेडमध्ये टायरचा अभ्यास सुरू झाला. आमच्याकडे शेड म्हणजे पुरुषांचा दिवाणखाना, देऊळ आणि न्यायालय. एक लाकडाची शेगडी, पाच मोडक्या खुर्च्या, आणि प्रत्येक विषयावर पाच मतं. मी रोज संध्याकाळी जायचो. अँब्रोज काका तर तिथेच असायचे. वॉलेस बोटीवरून सुटला की यायचा, शाळेच्या बसचा ड्रायव्हर स्टॅनलीही. हेडलीने टायरची जागेशी असलेली भानगड अर्थातच कोणाला सांगितली नव्हती. "जरा मोठे टायर बघतोय," एवढंच.

"सत्तावीस इंची घे," वॉलेस म्हणाला. "मर्दासारखा दिसशील."

"सत्तावीसने इंजिन रडेल," काका म्हणाले. "चाक जड, फिरवायला ताकद जास्त. चढावर तू गाडीला ढकलशील आणि गाडी तुला शिव्या घालेल. सव्वीस घे."

"सव्वीस म्हणजे एकच इंच वाढला," हेडली म्हणाला.

"एकसुद्धा नाही, लेका. अर्धा." काकांनी पाइप तोंडातून काढला. "चाकाचा मध्य मध्यात असतो. इंचभर मोठं चाक घेतलंस की गाडी अर्धाच इंच वर उचलते. उरलेला अर्धा इंच वर आकाशाकडे जातो. तो देवाचा."

हेडली दोन दिवस त्या देवाच्या अर्ध्या इंचाच्या दुःखात होता.

मग त्याने प्लायवूडच्या दोन चकत्या कापल्या, एक सव्वीसची, एक सत्तावीसची. हे प्लायवूड ब्यूलाच्या शिवणाच्या टेबलाचं होतं, हे तिला चार दिवसांनी कळलं. त्या चकत्या चाकाच्या जागी धरून हॅण्डल पूर्ण वळवून बघायचं, कुठे घासतं का. सव्वीसची मोकळी फिरली. सत्तावीसचीही फिरली. वॉलेसने टाळी वाजवली.

"थांब," हेडली म्हणाला. "गाडी रिकामी आहे. माणसं बसली की खाली बसेल ना ती."

मग मला आणि अँब्रोज काकांना क्वाडवर बसवण्यात आलं. काका पुढे, मी मागे, माझ्या मांडीवर बटाट्याचं एक पोतं, ते बादलीच्या वजनाचं म्हणून. हेडली जमिनीवर पालथा पडून ब्यूलाच्या शिवणाच्या टेपने मोजत होता. "काका, जरा पुढे वाका. ओढ्यात उतरताना वाकतात तसे. तू मागे हो. आता दोघं डावीकडे." आम्ही पाऊण तास त्या न हलणाऱ्या गाडीवर ओढे उतरत होतो, चढ चढत होतो. तेवढ्यात ब्यूला चहा घेऊन दारात आली, आम्हाला बघितलं आणि चहा घेऊन तशीच परत गेली.

सत्तावीसची चकती माणसं बसल्यावर पायफळीला घासली. सव्वीसच ठरले. म्हणजे आम्हाला वाटलं ठरले.

"आता नक्षी," हेडली म्हणाला.

टायरच्या नक्षीवर एप्रिल आणि मे गेले. वॉलेसचं म्हणणं, खोल खाचांचे चिखलाचे टायर घे. काका म्हणाले, ते चिखलाचे, दलदलीचे नव्हेत. चिखलाखाली कुठेतरी कडक जमीन असते, खोल खाचा तिथपर्यंत उकरत जातात. दलदलीखाली दलदलच असते. तिथे तो टायर तुझी कबर खणेल आणि तुला त्यात बसवेल. कमी खाचांचे टायर घ्यावेत तर ओढ्यातल्या ओल्या धोंड्यांवर साबणासारखे सरकणार. वॉलेसने मग सुचवलं की मागचे दोनच मोठे घे, पुढचे राहू देत जुने. यावर काका खुर्चीतून उठले. चारही चाकांना एकदम ताकद जाणाऱ्या गाडीला पुढे लहान आणि मागे मोठी चाकं लावणं म्हणजे एका बुटक्याला आणि एका लंबूला एकाच विजारीत घालून पळवणं, असं ते म्हणाले आणि घरी निघून गेले. क्वाडवरून. घर समोरच.

अखेर सगळ्यांनी मिळून एक टायर पसंत केला. सव्वीस इंची, सहा थरांचा, म्हणजे तुटक्या खोडांनी फाटणार नाही असा, आणि नक्षी सगळीकडे थोडी थोडी चालणारी: मधोमध तुटक चौकोन आणि दोन्ही बाजूंना तिरक्या रेघा, अगदी माशाच्या काट्यासारख्या. त्या नक्षीचा कागद शेडच्या भिंतीवर खिळ्याने ठोकला होता. आम्ही रोज संध्याकाळी तिच्याकडे बघत चहा प्यायचो. डोळे मिटून काढून दाखवली असती आम्ही.

आता फक्त मागवायचे राहिले. हमरस्त्याच्या फाट्यावर फिलिस गिलिंगहॅम नावाच्या बाईंचं टायरचं दुकान आहे. हेडलीने त्यांना फोन केला, "पाठवा." दुसऱ्या दिवशी केला, "थांबा जरा." चौथ्या दिवशी, "पाठवा." मग, "एक आठवडा द्या मला." फिलिसबाईंची अडचण अशी की "पाठवा" ऐकलं की माल शहरातून निघायचा, आणि "थांबा" येईपर्यंत ट्रक अर्ध्या वाटेत असायचा. जून आणि जुलैमध्ये असं पाच वेळा झालं.

"हेडली, माझ्या राजा," फिलिसबाई पाचव्या वेळी फोनवर म्हणाल्या, "माझ्या दुकानात दार उघडायला जागा उरलेली नाही. तू आज आला नाहीस तर मी टायर घेऊन तुझ्या घरी राहायला येईन."

ब्यूलाने हेडलीला गाडीत घातलं आणि स्वतः घेऊन गेली. ऑगस्टचा दुसरा रविवार तीन दिवसांवर होता.

टायर लागले. रविवारी चर्च सुटल्यावर दोघं मासे धरायची काठी बांधून निघाले, आधी उलट्या दिशेला, रीतीप्रमाणे. जागा सोडून बाकी सगळं मला नंतर त्या दोघांनी सांगितलं आहे, म्हणून सांगतो. ओढा आला. हेडलीने डोळे मिटले. क्वाड एका धोंड्यावर चढली, दुसऱ्यावर चढली, पोटाखालून काहीतरी हलकेच खरवडलं आणि गाडी पलीकडे. देवाने आपला अर्धा इंच घेतला, पण उरलेल्या अर्ध्याने काम केलं. दलदलीत खाली न रुतता ती बदकासारखी तरंगत गेली. ब्यूला बसल्या जागेवरून उतरली ती थेट बेकॲपलमध्ये. पण फळं एक तृतीयांशच पिकली होती. बाकीची लाल, कडक. शनिवारपर्यंत पिकणार. एक छोटी बादली भरून दोघं खुशीत घरी आले.

सोमवारी दुपारी वॉलेस शेडमध्ये आला. टोपी मागे सरकवून खुर्चीत पसरला.

"साडू, टायर झकास घेतलेस हं. काय नक्षी उमटते! तुझ्या फाटकापासून आगगाडीच्या जुन्या वाटेपर्यंत बघत बघत आलो. एकेक काटा मोजून घ्यावा. तू आधी खाली बंदराकडे गेलास, मग पाण्याच्या टाकीमागून वळलास आणि मग वर." त्याने चहाचा घोट घेतला. "पुढे बघायला आज वेळ नव्हता. शनिवारी सुट्टी आहे मला."

नंतर हेडली घरात जाऊन पलंगावर आडवा पडला आणि बूटसुद्धा काढले नाहीत, असं ब्यूला सांगते.

तीन महिने पाच माणसांनी मिळून टायर निवडला होता. त्याची उंची मोजली, वजन मोजलं, थर मोजले, बटाट्याचं पोतं मांडीवर घेतलं. पण त्याची जमिनीवर उमटणारी सही कोणाच्या ध्यानात आली नाही. जुने टायर तुळतुळीत होते, त्यांनी कधी मागमूस ठेवला नव्हता. आता हेडलीच्या दारापासून त्या दलदलीपर्यंत माशाचा एक अकरा मैल लांब काटा पडला होता, आणि अख्ख्या गावात तसे टायर फक्त एका गाडीला होते.

"पाऊस येईल," ब्यूला म्हणाली. "सगळं धुऊन जाईल."

आमच्याकडे जूनपासून एक दिवस कोरडा गेला नव्हता. त्या आठवड्यात असं ऊन पडलं की माझी बायको गाद्या बाहेर काढून बसली.

मंगळवारी हेडलीने स्प्रूसच्या झाडाची एक मोठी फांदी क्वाडच्या मागे बांधली आणि खुणा पुसत निघाला. अर्धा मैल गेल्यावर मागे वळून पाहिलं तर खुणा गेल्या होत्या खऱ्या, पण त्यांच्या जागी असा लख्ख झाडलेला रस्ता दिसत होता की जणू वर राणी राहायला येणार आहे. आंधळ्यालाही पायांनी सापडला असता. हेडलीने फांदी सोडली आणि एका दगडावर बसून राहिला.

"मग आपण आधी जाऊ," ब्यूला म्हणाली. "शुक्रवारी."

"शुक्रवारी पिकत नाहीत. आणि यंदा लपवली तरी पुढल्या वर्षी काय? एकदा वॉलेसला कळलं की जागा गेली."

"जुने टायर परत लाव."

"आणि ओढ्यात तुझ्या गुडघ्याचं काय?"

चाळीस वर्षांत तिला उत्तर सुचलं नाही असा हा पहिलाच प्रसंग, असं हेडली सांगतो. ब्यूला म्हणते, उत्तर होतं, पण तोंडात मुरांबा होता.

बुधवारी सकाळी फोन वाजला. फिलिसबाई होत्या.

"हेडली, तुझ्या नावाने मागवलेले चार संच अजून इथे आहेत. सव्वीस इंची, सगळे तुझ्याच नक्षीचे. मी स्वस्तात काढते आहे. तुमच्याकडे कोणी घेणारं असेल तर सांग, रे राजा. मला माझं दार उघडायचंय."

हेडलीने फोन खाली ठेवला. ब्यूला सांगते, त्याच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे आलं ते तिने पूर्वी एकदाच पाहिलं होतं, कारखान्यात त्याचा डबा द्यायला गेली होती तेव्हा, पट्ट्यापाशी. हा उठला, टोपी घातली आणि शेडकडे चालायला लागला. मध्ये थांबलासुद्धा नाही.

त्या संध्याकाळी शेडमध्ये मी होतो, अँब्रोज काका होते, स्टॅनली होता आणि वॉलेसही होता.

"तुम्ही सगळ्यांनी हे टायर घ्यावेत," हेडली म्हणाला.

काकांच्या हातातला पाइप तसाच राहिला. हेडलीच्या तोंडून "घ्यावेत" हा शब्द आम्ही जन्मात ऐकला नव्हता. "बघू", "असंही करता येईल", "तुला काय वाटतं?" यांच्यावर त्याचं आयुष्य गेलेलं.

"नक्की?" स्टॅनलीने विचारलं.

"नक्की. ओल्या दगडावर सरकत नाहीत, दलदलीत रुतत नाहीत, वळताना घासत नाहीत, चढावर इंजिन रडत नाही. हॅण्डल किंचित जड लागतं, दोन दिवसांत सवय होते. फिलिसबाईंकडे चारच संच आहेत. उद्या गेलात तर मिळतील."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आमच्या डोक्यात त्या क्षणी एकच विचार होता: ज्या माणसाला कुत्र्याचं नाव ठरवता येत नाही, तो जर तीन महिन्यांच्या अभ्यासानंतर छातीठोकपणे "घ्या" म्हणतो आहे, तर हा टायर नाही, हा चमत्कार आहे.

"माझी गाडी नवी आहे," वॉलेस म्हणाला. "तिला कशाला हवेत?"

"तुला नकोतच," हेडली म्हणाला. "तुझ्या गाडीला पेलणार नाहीत बहुतेक."

गुरुवारी सकाळी फिलिसबाईंच्या दुकानासमोर रांगेत पहिला वॉलेस उभा होता. रजा टाकून.

शुक्रवारी लँडर्स कोव्हमध्ये सण होता. नवे टायर घरात शांत बसू देत नाहीत. स्टॅनली बस सोडून डोंगरावर गेला. अँब्रोज काका कोंबड्यांना दाणे टाकून जे निघाले ते थेट दुसऱ्या गावातल्या बहिणीकडे जाऊन आले. मी बायकोला बसवून तीन तळी आणि एक धबधबा करून आलो आणि त्या रात्री आम्हाला दोघांना पालथं झोपावं लागलं. वॉलेस तर दुपारपासून गायब होता. डोंगरावरच्या प्रत्येक वाटेवर, प्रत्येक फाट्यावर, प्रत्येक ओढ्याच्या काठी माशाचे काटे उमटले, एकावर एक, आडवे, उभे, तिरके. कॉडची अख्खी झुंड डोंगर चढून गेल्यासारखी.

आणि शनिवारी सकाळी, धुकं उठायच्या आत, हेडली आणि ब्यूला आपल्या जागेवर पोचले. दलदल पिवळी धमक झाली होती. दोघांनी वाकून वेचायला सुरुवात केली. दोन तासांनी खालच्या बाजूने इंजिनाचा आवाज आला. जवळ यायला लागला.

हेडलीने ब्यूलाचा हात धरला आणि दोघं एका खुरट्या झुडपामागे जाऊन बसले. साठी उलटलेली दोन माणसं, गुडघे पोटाशी घेऊन, बादली मांडीत लपवून. आवाज ओढ्यापाशी आला. थांबला. वॉलेसच्या शिट्टीचा सूर ऐकू आला. मग बराच वेळ काहीच नाही. ब्यूलाने गळ्यातला रुमाल तोंडात कोंबला होता. तिचे खांदे हलत होते, आणि हेडलीला आधी वाटलं ही रडते आहे.

इंजिन पुन्हा सुरू झालं, वळलं, आणि पूर्वेकडे निघून गेलं.

रविवारी दुपारी रीतीप्रमाणे बहिणीचं कुटुंब ब्यूलाकडे जेवायला होतं, आणि नवा मुरांबा उघडायचा म्हणून शेजारी या नात्याने मीही. खारवलेलं मांस, कोबी, सलगम, वाटाण्याचा गोळा. वॉलेसचा चेहरा उन्हाने लाल झाला होता. मांस संपेपर्यंत त्याने दम धरला.

"सांगून टाकतो," तो शेवटी म्हणाला. "काल मी तुझ्या मागावर होतो, साडू. सकाळी सहापासून. पाण्याच्या टाकीपासून खूण धरली. ओढ्यापाशी ती तीन वाटांनी फुटली. मी सगळ्यात ताजी वाटली ती निवडली. डोंगर ओलांडला, तळं ओलांडलं, एका कड्यावरून गाडी ढकलत नेली. साडेतीन तास! म्हटलं, एवढ्या लांब जातो म्हणजे जागा काय असेल! खूण एका पठारावर जाऊन संपली. तिथे एक हातमोजा पडला होता."

"कोणाचा?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"माझा. आदल्या दिवशी मीच गेलो होतो तिथे, टायर बघायला."

त्याची बायको हसता हसता टेबलावर कोसळली. वॉलेसही हसला, अगदी पोटापासून. मनाने मोठा माणूस. आणि मला तेव्हा कुठे उमगलं की हेडलीने बुधवारी आम्हाला टायर का घ्यायला लावले. मी त्याच्याकडे पाहिलं. तो पावावर मुरांबा लावण्यात गढून गेला होता.

"म्हणजे तू आम्हाला फसवलंस," मी म्हणालो.

"टायर वाईट आहेत का?" हेडलीने विचारलं.

नव्हते. माझ्या गाडीला ते आजही आहेत.

"ते काही नाही," वॉलेस म्हणाला, आणि मुरांब्याची बरणी आपल्याकडे ओढली. "पुढच्या वर्षी मी वेगळे टायर घेतो. म्हणजे माझी खूण मला ओळखू येईल, आणि उरलेल्यांत तुझी शोधून काढीन."

"घे ना," ब्यूला म्हणाली. "जरूर घे. अगदी वेगळे घे. मग ऑगस्टमध्ये तू तुझ्या जागेवर जाशील, आणि आम्ही सगळे चहा पिऊन सावकाश तुझ्या मागोमाग येऊ."

वॉलेसचा चमचा बरणीत तसाच उभा राहिला. त्याचीही एक जागा होती, सासऱ्याकडून आलेली, आणि ती त्याने बायकोच्या बहिणीलासुद्धा कधी सांगितली नव्हती. तो खिडकीतून बाहेर बघत बसला. बाहेर अंगणात तीन क्वाड उभ्या होत्या, बारा चाकं, सगळी एका नक्षीची.

"सव्वीस इंचीच बरे," तो म्हणाला, आणि ताट पुढे केलं.